प्रश्न तुमचे : रोजची सायकल, पंक्चर आणि टायर

रोज सायकलने कामावर किंवा कॉलेजला जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत आणि त्यांतली बहुतेक पंक्चर व टायरबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कोथरूड ते हिंजवडी रोज सायकलने जातो. हायब्रीड सायकल, टायर ७०० × ३५. महिन्याभरात मागचे चाक चार वेळा पंक्चर झाले. दरवेळी दुकानात पंक्चर काढून घेतो, दोन-तीन दिवसांत पुन्हा हवा जाते. नवी ट्यूब घातली तरी तेच. आता टायरही बदलावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टायर बदलायची घाई करू नका. नवी ट्यूब घालूनही पंक्चर होते आहे, म्हणजे भोक पाडणारी वस्तू अजून चाकातच बसलेली असणार. ती सापडेपर्यंत कितीही पॅच लावले तरी उपयोग नाही.

पुढच्या वेळी ट्यूब बाहेर काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते पाहा आणि तिथे खडूने खूण करा. ट्यूबची चेनकडची बाजू कोणती, तेही पेनने लिहून ठेवा. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब त्याच दिशेने टायरवर धरा. भोक जिथे येईल तिथली बोट-दोन बोटे जागाच तपासायची उरते. टायर परत बसवताना त्यावरचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवत गेलात, तर पुढे खडूचीही गरज राहत नाही.

भोक कुठे आहे यावरून कारण कळते. ट्यूबच्या रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल, तर टायरमधून काहीतरी आत घुसले आहे. तुमचा रस्ता महामार्गाच्या कडेने जात असेल, तर पहिला संशय तारेवर घ्या. ट्रकचे रेडियल टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्यावर पसरतात आणि कडेला साचतात. असा तुकडा टायरच्या रबरात रुतून बसतो. टायर रिकामा असताना त्याचे टोक आत दिसत नाही. हवा भरून वजन पडले, की दर फेऱ्याला ते ट्यूबला टोचत राहते. म्हणूनच पंक्चर लगेच न होता दोन-तीन दिवसांनी होते. बोट फिरवून तो सापडेलच असे नाही, शिवाय बोट कापते. कापसाचा बोळा टायरच्या आतून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे टायर उलटा मुडपा, म्हणजे टोक वर येईल. चिमट्याने किंवा नेलकटरने धरून ओढून काढा. बाहेरूनही टायर पाहा. नक्षीत रुतलेले काचेचे कण टाचणीने उकरून काढावेत, कारण आज वर दिसणारा कण महिन्याभरात आत पोहोचतो.

भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर टायरचा काहीच दोष नाही. रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि आऱ्याच्या भोकाची कड ट्यूबला कापते. कधी आऱ्याचे टोकच वर आलेले असते, ते कानशीने घासून सपाट करावे. पातळ रबरी पट्टी उन्हाने आणि हवेच्या दाबाने ताणून सरकते. तिच्याजागी रिमच्या आतल्या रुंदीची कापडी किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी बसवून घ्या. दुकानात पंक्चर काढताना बहुधा ट्यूबच पाहिली जाते, पट्टीकडे लक्ष जात नाही. तुमच्या बाबतीत हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत.

शेजारी-शेजारी दोन लांबट चिरा दिसल्या, तर चाक खड्ड्याच्या किंवा गतिरोधकाच्या कडेवर आपटून ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चेचली गेली आहे. कारण एकच : हवा कमी. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तर ती फेकून द्यावी लागते, तिथे पॅच टिकत नाही. कमी हवेत चालवल्याने टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला, की त्याच दिवशी हवा सोडून ट्यूब सरळ करा.

प्रश्न : घरी पंक्चर काढायला शिकते आहे. सोल्युशन लावून लगेच पॅच दाबून बसवते, पण दोन दिवसांत कडेने सुटतो. सोल्युशन खराब असेल का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : सोल्युशन बहुधा चांगले आहे, ‘लगेच’ हीच चूक आहे. पंक्चरचे सोल्युशन हा डिंक नव्हे. त्यातला पातळ द्राव उडून गेल्यावर ट्यूबच्या रबरावर जो थर उरतो, त्याच्याशी पॅचचे रबर एकजीव होते. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला, की तो द्राव आत कोंडला जातो आणि सांधा कच्चा राहतो.

भोकाभोवतीची जागा पॅचपेक्षा थोडी मोठी, पॉलिश पेपरने घासा. नव्या ट्यूबवर चकाकी असते, ती पूर्ण जाऊन रबर मंद काळे दिसले पाहिजे. ट्यूबवर लांबीला जी उंच रेघ असते, ती भोकाजवळून जात असेल तर तीही घासून सपाट करा. कडेने सुटणारे पॅच बऱ्याचदा याच रेघेपासून सुटायला लागतात, कारण तिच्याशेजारी बारीक पोकळी राहते. घासलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसा. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर राहतो.

सोल्युशनचा अगदी पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटे हात लावू नका. पावसाळ्यात आठ-दहा मिनिटेही लागतात. फुंकर मारू नका, श्वासातला ओलावा त्यावर बसतो. कडेला बोट टेकवल्यावर चिकटले नाही, की वेळ झाली असे समजा. पॅचच्या ज्या बाजूला चंदेरी कागद असतो तीच बाजू ट्यूबवर बसते. कागद काढल्यावर त्या बाजूला बोट लावू नका. पॅच मधून कडेकडे दाबत जा आणि चमच्याच्या पाठीने मिनिटभर रगडा. वरचा पारदर्शक कागद निघाला नाही तर राहू द्या, तो ओढताना पॅचची कडच उचलली जाते.

पॅच जमला का हे पाहण्यासाठी ट्यूब फुगवून पाण्यात बुडवायची सवय अनेकांना असते. ताज्या पॅचसाठी ती वाईट आहे. मोकळी ट्यूब फुगली की ताणते आणि पॅच उचलला जातो. ट्यूब टायरमध्ये घालून हवा भरा. आतला दाबच पॅचला टायरवर दाबून धरतो. भोकाच्या चारही बाजूंना निदान एक सेंटीमीटर पॅच आला पाहिजे. दोन चिरा असतील तर एक मोठा पॅच किंवा दोन स्वतंत्र पॅच लावा, पण एकावर एक चढवू नका. सोल्युशनची नळी एकदा उघडली, की काही महिन्यांत आतून सुकते. लहान नळ्या घ्याव्यात आणि न उघडलेली एक जवळ ठेवावी.

प्रश्न : गावाकडून तालुक्याला रोज १२ किलोमीटर. जुनी काळी सायकल, टायर २८ × १½. कच्च्या रस्त्यावर सराटे आणि बाभळीचे काटे. कोणी म्हणते टायरच्या आत पट्टी घाला, कोणी म्हणते जेल भरा. काय खरे?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दोन्ही काट्यांना एकच उपाय चालत नाही. सराट्याचे फळ सुकल्यावर पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागाला असे काटे असतात, की तो कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. पण हा काटा जेमतेम अर्धा सेंटीमीटर. टायरचा मधला भाग जाड असेल, तर तो ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे झिजलेला टायर बदलणे हाच सराट्यावरचा पहिला इलाज. मधली नक्षी गुळगुळीत झालेला टायर सराट्यापुढे कागदासारखा असतो.

बाभळीचा काटा पाच सेंटीमीटरहूनही लांब आणि टणक असतो. सरळ घुसला तर कोणताच टायर त्याला अडवू शकत नाही. त्या भोकापुरते जेल, म्हणजे ट्यूबमध्ये भरायचे सीलंट, उपयोगी पडते. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे भोक ते बुजवते. चिरा बुजवत नाही. टायरच्या रुंदीप्रमाणे एका ट्यूबला ६० ते १२० मिलिलिटर लागते. आपल्याकडच्या उन्हात ते काही महिन्यांतच घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यानंतर पुन्हा भरावे लागते. हवा भरताना व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या भागात ठेवा, खाली ठेवला तर जेल त्यात शिरून तो चोंदतो. आणखी एक : जेल भरलेल्या ट्यूबला पुढे पॅच लावायचा झाला, तर भोकातून आलेले जेल पूर्ण पुसून, वाळवून, घासल्याशिवाय पॅच बसत नाही. पंक्चरवाल्याला आधी सांगा.

पट्टी सराट्यासाठी चांगली, पण तिच्या टोकांपासून सावध राहा. दोन टोके एकमेकांवर येतात तिथली कड ट्यूब घासून घासून फाडते. टोके कात्रीने गोल कापा, पॉलिश पेपरने पातळ करा, वर कापडी चिकटपट्टी लावा आणि ट्यूबला टाल्कम पावडर चोळा. पट्टी जुन्या टायरच्या तुकड्यातून कापलेली असेल, तर तिची कड जाड असते. ती घालू नये असे आमचे मत आहे.

टायरमध्ये पाच-सहा सराटे रुतलेले दिसले आणि हवा अजून टिकून आहे, तर वाटेत ते उपटू नका. काटा स्वतःच भोक बंद करून बसलेला असतो. घरी जाऊन काढा.

तुमच्या सायकलचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला असेल. हवा हळूहळू जाते आणि पाण्यात ट्यूबला बुडबुडे येत नाहीत, तेव्हा आधी ही नळी पाहा. उन्हाने ती चिरते किंवा चिकट होते. अगदी स्वस्त वस्तू आहे, दर वर्षी बदला आणि एक-दोन खिशात ठेवा.

प्रश्न : मुलीच्या सायकलसाठी २६ इंची टायर आणला, बसतच नाही. दुकानदार म्हणतो २६ म्हणजे २६.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : २६ म्हणजे २६ नव्हे. इंचाचा आकडा टायरची बाहेरची उंची अंदाजे सांगतो, रिमवर बसणारी कड सांगत नाही. गिअरच्या सायकलीचा २६ × १.९५ टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, लेडीज सायकलचा २६ × १⅜ हा ५९० वर आणि २६ × १½ हा ५८४ वर. दशांशातला आकडा आणि अपूर्णांकातला आकडा एकमेकांच्या जागी चालत नाहीत, ही खूणगाठ बांधा.

जुन्या टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ३७-५९० असा जोडआकडा कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडा फरक चालतो. तो आकडा कागदावर लिहून दुकानात जा. ‘२८ इंच’ म्हणतानाही हीच गफलत होते : काळ्या सायकलीचा २८ × १½ हा ६३५, तर हायब्रीडचा ७००सी हा ६२२. २९ इंची डोंगरी सायकलही ६२२ चीच. घडीच्या २० इंची सायकलींत ४०६ आणि ४५१ असे दोन प्रकार येतात.

रुंद टायर घ्यायचा असेल, तर मडगार्ड, ब्रेक आणि चिमटा (चाक दोन्ही बाजूंनी धरणारा सायकलचा भाग) यांच्यापासून दोन्ही बाजूंना आणि वर पाच-सहा मिलिमीटर जागा उरते का ते पाहून घ्या. चिखल अडकायला त्याहून कमी जागा पुरेशी असते.

प्रश्न : हवा किती भरावी? अंगठ्याने दाबून पाहतो, ते पुरेसे आहे का?
– ठाणे, नाशिक आणि पणजीहून आलेली पत्रे

उत्तर : अंगठ्याने ४० आणि ६० पीएसआयमधला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) फरक कळत नाही, जाड टायरला तर अजिबात नाही. दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरात असावा. पॅच, जेल, पट्टी यांवर खर्च करण्याआधी तो घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगू. चेचून होणारी पंक्चरे त्याने जवळपास थांबतात.

सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाने मागच्या चाकात २५ मिलिमीटरच्या टायरला ९० पीएसआय, २८ ला ७५, ३२ ला ६५, ३५ ते ३८ ला ५५ आणि ५० मिलिमीटरच्या, म्हणजे १.९५ इंची टायरला ४० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. पुढच्या चाकावर वजन कमी पडते, तिथे दहा टक्के कमी. लॅपटॉप, डबा आणि कुलूप मिळून दहा किलो वाढत असतील, तर साधारण दहा टक्के जास्त. टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. पण ती कमाल आहे, रोजचे प्रमाण नव्हे, हेही लक्षात ठेवा. दगडासारखा कडक टायर खड्ड्यांच्या रस्त्यावर उड्या मारतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतो.

धडधाकट ट्यूबचीही हवा हळूहळू जाते, अरुंद टायरची लवकर जाणवते. २५-२८ ला आठवड्यातून दोनदा, ३५ च्या पुढे आठवड्यातून एकदा काटा लावा. पेट्रोल पंपावर भरायची झाली तर क्षणभर भरा, थांबा, पाहा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते, की काही सेकंदांत टायर रिमवरून उसळून फुटतो.

प्रश्न : परदेशी ‘पंक्चर न होणारा’ टायर घ्यावा का? की भरीव रबराचा?
– एक परिचारिका, मुंबई

उत्तर : पंक्चर कधीच होणार नाही असा हवेचा टायर नाही. पण फरक मोठा पडतो, हे खरे. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये नक्षीखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो, साध्या मॅरेथॉनमध्ये तीन. काच, तार, सराटे त्या थरातच थांबतात. त्याची किंमत वजनात मोजावी लागते : ३७-६२२ मापाचा मॅरेथॉन प्लस सुमारे ९०० ग्रॅमचा आहे, कड ताठ असल्याने बसवताना हात दुखतात आणि सायकल थोडी जड चालते. पैसेही साध्या टायरच्या काही पट.

आमचा सल्ला : रात्रपाळी संपवून पहाटे एकटीने परतायचे असेल, तर मागच्या चाकाला असा टायर जरूर घ्या, तो खर्च योग्य आहे. बहुतेक पंक्चरे मागेच होतात. तिथे वजन जास्त असते आणि पुढच्या चाकाने उडवलेली वस्तू मागच्याखाली उभी सापडते. पुढे साधा पण चांगल्या पकडीचा टायर पुरे. मागचा झिजलेला टायर मात्र कधीही पुढे घालू नका. मागचा टायर अचानक बसला तर सायकल सावरता येते, पुढचा बसला तर माणूस पडतो.

भरीव टायर घेऊ नका. धक्का शोषणारी हवाच नसल्याने तो मनगटांना, आऱ्यांना आणि रिमला बसतो, आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी मिळते.

प्रश्न : पावसाळ्यात खोल नक्षीचा टायर लावला तर घसरणार नाही ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डांबरी रस्त्यावर नक्षीने फरक पडत नाही. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत नाही. पकड मिळते ती रबराच्या मऊपणामुळे आणि योग्य हवेमुळे. जुना, उन्हाने टणक झालेला टायर नक्षी शाबूत असूनही घसरतो. जांभ्याच्या कच्च्या वाटेवर, चिखलात मात्र दात असलेला टायर हवाच. शेवाळ, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर कोणताच टायर धरत नाही. तिथे ब्रेक न लावता, हँडल न वळवता सरळ जा. पावसात पंक्चरे वाढतात, कारण ओले रबर काचेने सहज कापले जाते आणि वाहून आलेला कचरा नेमका रस्त्याच्या कडेला साचतो.

प्रश्न : विजेवरची सायकल घेतली आहे, मोटर मागच्या चाकात. वाटेत पंक्चर झाले तर चाक कसे काढायचे?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शक्यतो काढूच नका. काळ्या सायकलीचे पंक्चर आपले पंक्चरवाले चाक न काढताच काढतात, तीच पद्धत इथे उत्तम. वीजपुरवठा बंद करा आणि सायकल आडवी करा, चेनची बाजू खाली. हवा पूर्ण सोडा. टायरची वरची कड दोन्ही हातांनी चाकभर दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला; यामुळे कडेला ढील मिळते. व्हॉल्व्हपासून दूर टायर उचकटायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून एक कड बाहेर काढा, स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. ट्यूब बाहेर ओढा, व्हॉल्व्ह रिममध्येच राहू द्या. भोक आवाजाने किंवा ओठांजवळ धरून शोधा, ते कशाने पडले तेही शोधा, पॅच लावा.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा भरा, म्हणजे ती पिळत नाही. कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने बसवत व्हॉल्व्हजवळ संपवा, आणि शेवटी व्हॉल्व्ह वर ढकलून खाली ओढा, म्हणजे त्याच्याजवळची ट्यूब कडेखाली दबत नाही. थोडी हवा भरून चाक फिरवा. रिमलगत टायरवर जी बारीक रेघ असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे ती आत गेली असेल, तर हवा सोडून पुन्हा बसवा.

ट्यूबच बदलायची असेल, तर चाक काढावे लागते. आधी मोटरच्या वायरची जोडणी सरळ ओढून सोडवा, पिळू नका. नट बहुधा १८ किंवा १९ मिलिमीटरचा असतो. तो पाना सायकलसोबतच ठेवा. आसाच्या दोन्ही बाजूंचे वायसर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने आहेत याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यांतला दाताचा वायसर मोटरचा आस फिरू देत नाही. तो उलटा बसला, तर जोर लावताच आस फिरतो आणि वायर तुटते. नट पक्के आवळल्याशिवाय मोटर सुरू करू नका.